गडावरचा बंदोबस्त आणि 1 नोव्हेंबरची रेघ

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडमंदिरावर गर्दी चढते आहे आणि पायऱ्यांवर दोन हवालदार बंदोबस्ताला उभे आहेत, असे समजा. दोघांचे ठाणे एक, काठी तीच. एक ऑक्टोबर 2005 मध्ये रुजू झाला, दुसरा त्याच डिसेंबरात. 31 ऑक्टोबर 2005 च्या शासन निर्णयाने दोघांच्या मधोमध रेघ ओढली: 1 नोव्हेंबरपासून रुजू होणाऱ्याला जुनी पेन्शन नाही.

रामटेक ठाणे नागपूर ग्रामीण पोलिसांचे, शहराचे आयुक्तालय वेगळे. पण दोन्हीकडच्या पोलिसांचा पगार आणि पेन्शन राज्याच्याच तिजोरीतून, त्यामुळे रेघ सगळ्यांना सारखी. अमेरिकेत अनेक शहरांचे पोलिसांसाठी स्वतःचे पेन्शन फंड असतात. 2013 मध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळे काढले, तेव्हा तिथल्या निवृत्त पोलिसांची मूळ पेन्शन वाचली, पण दरवर्षीची महागाईवाढ निम्म्याहून कमी झाली. आपल्याकडे शहर बुडाले म्हणून पेन्शन बुडत नाही. इथला प्रश्न वेगळा आहे: म्हातारपणाची जोखीम सरकारने घ्यायची की शिपायाने?

जुन्या पद्धतीत ती सरकारची होती. 1982 च्या नियमांनुसार शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. मुलीच्या लग्नाला किंवा घराला रक्कम हवी असेल, तर 40 टक्क्यांपर्यंत पेन्शन ‘विकता’ येते. विकलेला भाग 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला दिला, की वर्षाची काळजी मिटली.

नव्या योजनेत दरमहा मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कापले जातात. सरकारही तेवढेच घालत होते, 2019 पासून 14 टक्के घालते. पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीला 60 टक्क्यांपर्यंत हातात, उरलेल्यातून वार्षिकी. समजा 50 लाख जमले: 30 लाख हातात, 20 लाखांवर 6 टक्क्यांनी महिन्याला 10,000 रुपये. डाळ-तेल महागले तरी आकडा तोच. आणि मुळात 50 लाख जमतील, हे कोणी सांगितले?

मला सर्वांत जास्त टोचते ते मृत्यूचे कलम. ड्युटी आटोपून पहाटे घरी निघालेला शिपाई अपघातात गेला, तर नव्या योजनेत त्याच्या घरच्यांना जुन्यासारखे कुटुंब निवृत्तिवेतन नव्हते. 2018 मध्ये दहा वर्षांच्या आतल्या सेवेसाठी 10 लाखांचे सानुग्रह अनुदान आले, एवढेच. कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदानाची तरतूद व्हायला 31 मार्च 2023 उजाडले. ही तरतूद पहिल्या दिवसापासून हवी होती. तिला 17 वर्षे लागणे अन्याय होता.

तीही आली संपानंतर. 14 ते 20 मार्च 2023 राज्यातले लाखो कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत बाहेर पडले होते. पोलीस त्यात नव्हते. 1966 च्या कायद्याने त्यांच्या संघटनेवर आणि निदर्शनांवर बंधने आहेत. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी केलेल्या उठावाची आठवणही खात्यात आहे. म्हणून मोर्चात चालणाऱ्याच्या आणि दोरी धरून त्याला अडवणाऱ्याच्या पगारातून सारखीच कपात होत असली, तरी घोषणा एकालाच देता आली.

2 फेब्रुवारी 2024 च्या निर्णयाने रेघ थोडी सरकली. भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची असेल आणि रुजू नंतर झाले असेल, तर जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला, तोही एकदाच आणि सहा महिन्यांच्या मुदतीत. आपला डिसेंबरचा हवालदार यात बसू शकतो, अर्ज वेळेत दिला असेल तर. नंतर भरती झालेल्यांसाठी 1 मार्च 2024 पासून सुधारित योजना आहे: पुरेशी सेवा असेल तर शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन महागाईवाढीसह, आणि त्याच्या 60 टक्के कुटुंबाला. जोखीम पुन्हा सरकारने उचलली, हे योग्यच झाले. मात्र जमलेला सगळा निधीही हातात आणि हमीची पूर्ण पेन्शनही, असे दोन्ही मिळत नाही. हे शिपायाला ठाण्यात बसवून, त्याच्या पगारपत्रकावरचे आकडे धरून कुणीतरी समजावून सांगायला हवे. सलग बंदोबस्त करून आलेल्या माणसाने शासन निर्णय वाचून पर्याय निवडावा, ही अपेक्षा बरी नव्हे.

2005 मध्ये 22 व्या वर्षी भरती झालेला 58 व्या वर्षी, म्हणजे 2041 मध्ये निवृत्त होईल. तोवर निदान एक काम करता येते. सेवापुस्तक मागून पाहावे: पर्यायाचा अर्ज त्यात लागला आहे का, आणि वारस म्हणून अजून आईचेच नाव आहे की लग्नानंतर बायकोचे चढले.