एचआयव्हीबाधित बालकांची शुश्रूषा : प्रशिक्षणाची खरी परीक्षा कोणती?

एचआयव्हीबाधित बालकांच्या शुश्रूषेविषयीचे शिबिर संपते. समारोपाची प्रार्थना होते, प्रमाणपत्रे वाटली जातात. शिबिरापूर्वीच्या प्रश्नपत्रिकेत कमी गुण मिळवलेली परिचारिका शिबिरानंतर चांगले गुण मिळवते आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्याची नोंद अहवालात होते. आमच्या मते मूल्यमापनाला खरी सुरुवात येथून व्हायला हवी.

बालकांमधील एचआयव्हीची तऱ्हा प्रौढांहून निराळी आहे. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाकडे येतात आणि सुमारे १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत दोष आढळला, तरी बाळाला संसर्ग झालाच आहे असे म्हणता येत नाही. म्हणून सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन, विशेष कागदावर सुकवून पीसीआर चाचणीसाठी पाठवतात. भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात ही पद्धत २०१० पासून आली. येथे दिरंगाई परवडत नाही. उपचार न मिळालेल्या बाधित बालकांपैकी जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच दगावतात. याउलट, तान्ह्या बाळांवर निदान होताच उपचार सुरू केल्यास मृत्यूचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटते, असे दक्षिण आफ्रिकेतील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : शिकणाऱ्याला ते आवडले काय, तो काय शिकला, कामात काय बदलले आणि अखेर फळ काय मिळाले. आपल्याकडची बहुतेक मूल्यमापने दुसऱ्या पायरीवरच थांबतात, कारण पुढच्या दोन पायऱ्यांसाठी दवाखान्यात जाऊन बसावे लागते.

तेथे काय पाहायचे? बाळाचे वजन प्रत्येक भेटीत घेतले गेले काय, आणि वाढलेल्या वजनाप्रमाणे औषधाची मात्रा बदलली काय. मूल वाढते, मात्रा मात्र जुनीच राहते. ही चूक प्रश्नपत्रिकेत कधीच सापडत नाही, ती सापडते बालकाच्या कार्डावर. सहाव्या आठवड्यापासून द्यावयाचे कोट्रायमोक्साझोल सुरू झाले काय? चाचणीचा निकाल आईच्या हाती किती दिवसांनी पडला? दहा-बारा कार्डे नीट वाचली, तरी पुष्कळ काही उमगते. (अर्थात, तपासणी होणार हे कळताच कार्डे घाईघाईने भरली जातात, हेही आम्ही ध्यानात ठेवतो.)

झांबियाच्या लुसाका शहरातील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बालकांची शुश्रूषा मुख्यतः परिचारिका व क्लिनिकल ऑफिसर यांच्याकडे सोपवली होती. तेथे सुमारे तीन हजार मुलांवर विषाणुरोधक उपचार सुरू झाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात मुलांचे जगणे, वजन आणि रोगप्रतिकारक पेशींची संख्या यांवरून काम जोखले गेले. निष्कर्ष आशादायक होते : तज्ज्ञ डॉक्टर कमी असलेल्या ठिकाणीही योग्य तयारी असलेली परिचारिका मुलांना चांगले उपचार देऊ शकते.

तरीही प्रत्येक अपयश प्रशिक्षणाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. केंद्रात वजनकाटाच बिघडलेला असेल किंवा रक्त सुकवण्याचा कागद संपला असेल, तर परिचारिकेने शिकलेले कोठे वापरावे? कधी प्रशिक्षित परिचारिकेची बदली होते आणि तिच्या जागी आलेल्या भगिनीला शिबिराची वार्ताही नसते. म्हणून मूल्यमापकाने आधी कपाट उघडावे, मग वही.

काही गोष्टी कागदावर मुळीच उतरत नाहीत. दहा वर्षांचे मूल विचारते, "ही गोळी मी रोज का घेतो?" तेव्हा समुपदेशक त्याच्या वयाला झेपेल असे सत्य सांगतो, की विषय बदलतो? आजीला सांगताना आवाज इतका चढतो काय, की रांगेतील शेजाऱ्यांना ऐकू जावे? २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने गोपनीयतेला संरक्षण दिले आहे. पण तिचा कस लागतो तो बाकावर बसलेल्या त्या आजीपाशी. म्हणून पालकांची परवानगी घेऊन, एखाद्या अनुभवी ज्येष्ठ परिचारिकेने शिबिरानंतर काही आठवड्यांनी तेथे शांतपणे बसून पाहावे, आणि घरी जाताना आईलाच विचारावे, औषध कसे द्यायचे ते तिला समजले काय.