शहरातील धूळ आणि आग्या मधमाशी

हवेच्या प्रदूषणाचा विचार करताना आपल्या दृष्टीपुढे प्रामुख्याने माणसाचे आरोग्य असते. परंतु त्याच हवेत कावळे, पारवे, खारी आणि मधमाश्याही जगत असतात. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा १९८६ पर्यंत चालू होती. वायूचा परिणाम माणसाआधी पक्ष्यावर होई. शहरांतील जीवसृष्टीकडे मात्र या दृष्टीने फारसे कोणी पाहिले नव्हते.

बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन म्हणूनच उल्लेखनीय आहे. त्यांनी निवडली ती आपल्या परिचयाची आग्या मधमाशी. उंच झाडांवर, पाण्याच्या टाक्यांखाली आणि इमारतींच्या सज्ज्यांना लोंबणारे तिचे पोळे सर्वांनी पाहिलेले असते. ही माशी पेटीत पाळता येत नाही. ती खऱ्या अर्थाने वन्यच होय.

शहरातील व शहराबाहेरील कमी-अधिक धुळीच्या ठिकाणांहून या माश्या पकडण्यात आल्या. मध्यम व तीव्र प्रदूषणाच्या ठिकाणच्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या चोवीस तासांच्या आत मरण पावल्या. या ठिकाणी फुलांवर येणाऱ्या माश्यांची संख्याही कमी होती. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले होते, रक्तपेशी घटल्या होत्या आणि अंगावर शिसे, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये असलेले कण आढळले. अर्थात या माश्या पकडल्यानंतर मेल्या. शहरातील दहांपैकी आठ माश्या रोज मरतात, असा याचा अर्थ नव्हे. दोष धुळीचाच की अन्य कशाचा, हे पडताळण्यासाठी प्रयोगशाळेत वाढविलेल्या फळमाश्याही त्याच ठिकाणी ठेवण्यात आल्या. त्यांच्यातही तत्सम बिघाड दिसून आला.

कीटकाला फुप्फुसे नसतात. शरीराच्या बाजूंवरील सूक्ष्म श्वासरंध्रांतून हवा आत शिरते आणि बारीक नलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. प्राणवायू वाहून नेण्याचे काम तेथे रक्ताकडे नसते.

हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानके २००९ मध्ये सुधारण्यात आली. गंधक व नत्र यांच्या वायूंसाठी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांत अधिक कडक मर्यादा ठरविण्यात आली. धूलिकणांची वार्षिक मर्यादा मात्र सर्वत्र सारखीच, म्हणजे दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, ठेवण्यात आली. मधमाशीला ती पुरेशी आहे काय, हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. कांद्याचे बियाणे धरण्यासाठी परागीभवन लागते, आणि ते मुख्यतः मधमाश्याच करतात. शहरालगतच्या गावांतील शेतकऱ्याला म्हणूनच रस्त्यावरची धूळ, बांधकामाची माती आणि गावाच्या वेशीवर जाळला जाणारा कचरा या गोष्टी परक्या मानता येणार नाहीत. कचरा जाळण्यास पायबंद घालणे तर ग्रामपंचायतीच्याच हाती आहे.