गावसभेत विषय कसा मांडावा?

शेतीविषयक माहिती कार्यकर्त्याच्या वहीत कितीही असली, तरी ती शेतकऱ्याच्या शेतात उतरली नाही तर तिचा उपयोग शून्य होय. यास्तव गावसभेची तयारी पेरणीपूर्वीच्या मशागतीइतक्याच काळजीने करावयास हवी.

2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्या सुमारास अजिंठ्याच्या परिसरातील एका गावी मी सभा घेतली. अळीचा जीवनक्रम, औषधांची नावे, त्यांची प्रमाणे, सारे तासभर कागदावरून वाचले. शेवटी एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगता ते खरं, पण अळी हाय कुठं? बोंड तर वरून हिरवंगार दिसतंय." अळी बोंडात शिरल्यावर तिचे छिद्र लवकरच बुजते व आतील नुकसान बाहेरून कळत नाही. जे दिसत नाही ते दाखविणे हेच त्या सभेचे काम होते, आणि मी एकही बोंड बरोबर नेले नव्हते. तेव्हापासून पुढील क्रम मी पाळीत आलो आहे.

विषयाची निवड : एका सभेस एकच विषय घ्यावा. 'बोंडअळीचे नियंत्रण' हा विषय फार मोठा झाला. 'फवारणीची वेळ आपली आपण कशी ठरवावी' हा सभेपुरता आहे. दोन दिवस आधी गावातील शिवार फिरावे व शेतकऱ्यांच्या शंका टिपून घ्याव्यात.

साहित्य : डोमकळ्या, धारदार चाकू व कामगंध सापळा आदल्या दिवशीच जमवून पाहावा. सभा शक्यतो सकाळी, बांधावरच घ्यावी. वेचणीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. त्यांनाही अगत्याने बोलवावे.

मांडणी : आरंभ शेतकऱ्यांच्याच शंकेपासून करावा. नंतर त्यांच्याकडून निरनिराळ्या झाडांवरील 20 हिरवी बोंडे तोडवून, त्यांच्याच हातून फोडवावीत. 20 पैकी 2 बोंडे किडकी निघाली, म्हणजे नुकसान 10 टक्के झाले व फवारणीची वेळ आली असे समजावे. सापळ्यात सलग 3 रात्री प्रत्येकी 8 पतंग सापडले तरी तोच अर्थ होतो. एवढे आकडे पुरेत. अधिक आकडे घरापर्यंत पोहोचत नाहीत.

अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात जातककथा भिंतींवर चित्रांतून सांगितल्या आहेत. ज्यास अक्षरओळख नाही त्यासही त्या कळाव्यात अशीच ती मांडणी आहे. आपल्या सभेतही डोळ्यांचे काम कानांवर टाकू नये.

समारोप : बोलणे 20 मिनिटांत आटोपावे व उरलेला वेळ प्रश्नांस द्यावा. उत्तर ठाऊक नसल्यास तसे स्पष्ट सांगावे व ते अमुक दिवशी आणून देण्याचा शब्द पाळावा. अंदाजाने सांगितलेल्या औषधाची किंमत शेतकऱ्यास पिकाने मोजावी लागते.

सभा यशस्वी झाली की नाही, हे टाळ्यांवरून ठरवू नये. आठ दिवसांनी पुन्हा गावात जावे आणि किती जणांनी आपल्या शेतातील 20 बोंडे फोडून पाहिली, हे विचारावे. तीच सभेची खरी परीक्षा होय.