विजेचे बिल काटापावतीसारखे वाचा



महाड-पोलादपूर भागात आम्ही ऊसनोंदीस आलो की विजेचे बिल पुढे येते. "साहेब, मुंबईला पोरगा वीज कंपनी बदलतो, मग आम्हाला का नाही?" मुंबई उपनगरात एकाच भागासाठी दोन कंपन्यांना परवाना आहे, म्हणून 2009 पासून ती सोय झाली. आपल्याकडे घरगुती वीज महावितरणचीच. तेव्हा बिल नीट वाचणे हाच उपाय.

काट्यावर भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करतात. तसेच चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. उरले ते युनिट. मीटरवरचा आकडा बिलाशी ताडून पाहा. स्थिर आकार मात्र वीज न जाळताही लागतो.

खरी मेख सरासरी बिलाची. दिवसा सारे शेतावर, घराला कुलूप, मीटर आत. रीडिंग न मिळाल्यास बिल सरासरीने निघते. समजा, पुढे 4 महिन्यांचे 360 युनिट निघाले. महिन्याला 90 पडले, म्हणजे सारे 100 युनिटपर्यंतच्या स्वस्त टप्प्यात. तेच एका महिन्यात धरले तर 260 युनिट महाग टप्प्यांत जातील. म्हणून युनिट महिन्यांवर विभागले का, आणि आधी भरलेली रक्कम वजा झाली का, हे पाहावे. नसल्यास मीटरचा फोटो व ग्राहक क्रमांक जोडून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. तिथे दाद न लागल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

बिल थकवू नका. पण न वाचता भरूही नका.

— ऊस विकास अधिकारी