लेखांक सहावा : बोर्ड सुरू होताना पिनांची वाटणी

वीज आल्यावर प्रोसेसर पहिली सूचना कुठून उचलतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच्या पिनांकडे वळू, एका उदाहरणातून.

देशातल्या एक लाख मच्छीमार बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. सिग्नल नसलेल्या समुद्रातूनही तांडेलाला किनाऱ्याला निरोप देता यावा, हा त्यामागचा हेतू. रेवस-बोडणीच्या एखाद्या बोटीसाठी अशीच साधी पेटी आपण बीगलबोन ब्लॅकवर उभी करू. जीपीएसकडून बोटीचं ठिकाण घ्यायचं आणि संकटात भोंगा वाजवायचा, एवढंच तिचं काम.

या बोर्डवरच्या चिपमध्ये कामं भरपूर आणि पिना कमी. म्हणून एकेका पिनेला ० ते ७ असे आठपर्यंत मोड दिलेले असतात. कोणता मोड हवा, ते त्या पिनेच्या रजिस्टरमध्ये लिहायचं. यालाच पिनमक्स म्हणतात. जीपीएसची तार पी९ पट्टीच्या ११ नंबरच्या पिनेला जोडली, की तिथे यूएआरटी-४चं रिसीव्ह हवं. त्याचा मोड ६. पिन आत ऐकू शकावी म्हणून रिसीव्हर बिटचे ३२ मिळवा, आणि मोकळी सीरियल लाइन वरच्या पातळीला राहावी म्हणून पुल-अपचे १६. एकूण ५४. यातले ३२ मिळवायचे राहिले तर मोड बरोबर असूनही जीपीएसचं एक अक्षरही आत येत नाही, आणि माणूस तासन् तास बॉड रेट तपासत बसतो.

आता क्रम. चिपच्या रॉममधला कोड एसपीएल हा छोटा प्रोग्रॅम आतल्या मेमरीत आणतो, कारण बाहेरची डीडीआर अजून तयार नसते. यू-बूट या बूटलोडरचा हा भाग आधी कन्सोलच्या पिना लावतो. मग आय-टू-सीच्या दोन पिना, कारण बोर्ड कोणता हे सांगणारी ईईप्रॉम त्या तारांवर बसलेली असते. बोर्ड ओळखल्यावरच बाकीच्या पिनांची वाटणी होते. ही रचना मला फार आवडते: ओळख पटण्यापुरत्याच पिना आधी, उरलेल्या नंतर. पुढे लिनक्स डिव्हाइस ट्री वाचून पिना पुन्हा आपल्या ताब्यात घेतो.

खरा धोका या सगळ्याच्या आधीचा. रीसेटपासून एसपीएलपर्यंत तुमचा कोड चालतच नसतो. तेव्हा काही पिनांवर चिपच्या आतला पुल-अप असतो, काहींवर पुल-डाउन. भोंग्याचा ट्रान्झिस्टर पुल-अपवाल्या पिनेला जोडला, तर पेटी सुरू करताच भोंगा वाजेल. भर समुद्रात असा खोटा इशारा दोन-तीनदा झाला, की खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी वळून पाहणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय नाही. रीसेटला पुल-डाउन असलेली पिन डेटाशीटमधून निवडा, शिवाय बाहेरून जमिनीकडे ओढणारा रेझिस्टर लावा.

पुढचा लेखांक डिव्हाइस ट्रीवर आहे. तोवर आपापल्या बोर्डच्या डेटाशीटमधला रीसेट-स्थितीचा तक्ता एकदा तरी वाचून ठेवा.