मानसशास्त्रीय मूल्यमापन : शाळेस द्यावयाची माहिती

बालकाची बुद्धी, वाचन-लेखनक्षमता व भावनिक स्थिती यांच्या तपासणीच्या अहवालात सामान्यतः कौटुंबिक पूर्ववृत्त, कसोट्यांचे गुणांक, निदान व शिफारशी असे भाग असतात. त्यांपैकी शाळेस कोणते द्यावेत, हा निर्णय मुख्यतः पालकांचा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून कलम १७ अन्वये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, द्वितीय व तृतीय भाषेतून सूट अशा तरतुदी आहेत. त्यांसाठी निदान व प्रमाणपत्र आवश्यक ठरते. घरातील कलह वा आजारपण यांचा तपशील नव्हे. बिने-कामत कसोटीसारख्या कसोटीवरील बुद्धिगुणांक नुसताच कळविल्यास मुलावर ‘मंद’ असा शिक्का बसतो व लहान गावात तो सहसा पुसला जात नाही. उलट, सर्वच दडविल्यास शिक्षक अडचणीला आळस समजतात आणि मूल मदतीस मुकते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा हंगामात सुटते वा बदलते. अशा मुलांच्या पालकांपाशी अडचण व तीवरील उपाय सांगणारा तज्ञाचा एकपानी सारांश असणे विशेष उपयुक्त होय. शिक्षकाच्या अध्यापनात ज्या माहितीने फरक पडेल ती द्यावी, उरलेली पालकांकडे ठेवावी आणि मुलास समजेल अशा वयात त्याचेही मत घ्यावे.