किंमत किती लावू?

चोरीची तक्रार घेऊन कुणी आलं की ठाणे अंमलदार म्हणून माझा पहिला प्रश्न असायचा, ‘कधी गेलं, कुठून गेलं?’ निवृत्तीच्या आधी तो बदलला. ‘किंमत किती?’

१ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या ३७९ कलमात शंभराची चोरीही दखलपात्र होती. आता कलम ३०३(२)खाली ५,००० रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र. आम्ही एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करायची, तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचं. कोर्टाचा आदेश नसेल तर तपास नाही.

पेपर टाकणारा एक पोरगा आला. क्लासबाहेरून सायकल गेलेली. सेकंडहँड, बिल नाही.

‘कितीला घेतलेली?’

‘पाच हजारांना, साहेब. पण आता कोण देतंय? चार येतील.’

माझं पेन थांबलं. पाच लिहिले तर गुन्हा दाखल करायचा, पंचनामा करायचा. चार लिहिले तर एनसी. शेजारचा सहकारी खाकरला. मी चार लिहिले. खोटं काही नव्हतं, पोरगाच म्हणाला होता. कोर्टात तो गेला नसणार. पहाटे लाइन, दुपारी कॉलेज. तीच सायकल घरातून गेली असती तर कलम ३०५ लागलं असतं, मग किंमत कितीही असो.

चोर सापडला आणि खटला उभा राहिलाच, तर सरकारी वकिलाच्या हातीही फारसं उरत नाही. पहिलाच गुन्हा, माल पाच हजारांच्या आतला आणि तो परत केलेला, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. हे मला पटतं. पोटासाठी पहिल्यांदा हात मारणाऱ्याला आत सराईतांच्या पंगतीत बसवण्यात शहाणपण नाही. पटत नाही ते अलीकडचं, आमच्या टेबलावरचं. मोबाइल खिशातून मारलेला असतो आणि दाखल्यावर ‘गहाळ’ लिहिलं जातं. गहाळ म्हटलं की गुन्हाच नाही, ठाण्याचा आकडाही वाढत नाही.

म्हणून सही करण्याआधी कागद वाचा. चोरी असेल तर ‘चोरी’ लिहून घ्या. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथंही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. आणि बिल नसेल तर ठाण्यात येण्याआधी बाजारात भाव विचारून या. किंमत आमच्या पेनावर सोडू नका.